२२ डिसेंबरला दुपारी बाराला मुलांना मैदानात आणा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, २०१२ सालापासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांमध्ये भाषणे होतात, सूत्रांचे तक्ते लागतात, थर्माकोलचे शंकू आणि गोल टेबलावर मांडले जातात, रांगोळ्या निघतात. या सगळ्यामागे शिक्षकांची मेहनत असते, ती आम्ही जाणतो. पण त्याच दिवशी नागपूरच्या प्रत्येक मैदानावर गणिताची एक सुंदर गोष्ट आपोआप घडते आणि ती मोजायला तिथे कोणी नसते, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटते. दुपारी बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास नागपुरात उभ्या वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी होते. एक मीटरच्या काठीची सावली साडेअठ्ठ्याण्णव सेंटिमीटर पडते.

कारण सोपे आहे आणि दहावीच्या मुलाला समजण्यासारखे आहे. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४४ अंशांवर असतो. दोन्हींची बेरीज ४४.५९ अंश, म्हणजे माध्यान्ही सूर्य डोक्यावरून तेवढा दक्षिणेकडे कललेला असतो आणि त्याचा उन्नत कोन, म्हणजे क्षितिजापासून मोजलेला कोन, ४५.४१ अंश येतो. टॅन ४५ म्हणजे १, हे मुले पाठ करतात. इथे ते जमिनीवर पडलेले दिसते. पुण्यात त्या दिवशी तिथल्या माध्यान्ही मीटरभर काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते, मुंबईत सुमारे ९२. अगदी काटेकोर ४५ अंश हवे असतील तर सावनेरच्या पुढे पांढुर्ण्याकडे जावे लागेल. गणित दिनाला हा योग आपल्या भागाच्या वाट्याला आला आहे, तो वाया जाऊ देऊ नये.

घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे का, हा प्रश्न मुले विचारतातच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नागपूर ७९.१ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला माध्यान्ह साडेतेरा मिनिटे उशिरा येतो. डिसेंबरच्या त्या आठवड्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या आसाच्या कलामुळे त्यातले दीड मिनिट वजा होते. मात्र सेकंदाची घाई नको. पावणेबारा ते पाऊण या तासाभरात सावली आणि उंची यांत दीड-दोन टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही. सव्वाअकराला मात्र तीच सावली १०६ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून तासिका लवकर लावून चालणार नाही.

साहित्य फार लागत नाही. साठ मुलांच्या वर्गाचे सहा-सहांचे दहा गट करावेत. प्रत्येक गटाला एक मीटरचा सरळ प्लास्टिकचा पाइप किंवा वेळूची काठी, दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा, खडू आणि वही द्यावी. खेळाच्या शिक्षकांकडचा लांब टेप पाळीपाळीने वापरता येतो. एकाने काठी धरायची, एकाने ओळंबा लावून ती उभी आहे का पाहायचे, दोघांनी टेप, एकाने नोंद, एकाने गणित. कामे वाटून दिली नाहीत तर दोघे काम करतात आणि चौघे बघतात. मोजण्याआधी प्रत्येक मुलाने ध्वजस्तंभाच्या उंचीचा आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. अंदाज लिहिलेला नसेल तर आलेल्या उत्तराशी मुलाला काही देणेघेणे राहत नाही.

आता चुका कुठे होतात ते पाहू, कारण खरे शिकणे तिथेच आहे. काठी दोन अंशांनी सावलीच्या दिशेला कलली तरी सावलीत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. ओळंबा त्यासाठीच आहे, शोभेसाठी नाही. दुसरी चूक सावलीच्या टोकाची. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर असते. मीटरभर काठीला हा धूसर पट्टा पावणेदोन-दोन सेंटिमीटरचा, पण दहा मीटर उंच इमारतीला तो अठरा सेंटिमीटरच्या घरात जातो. कोणी गडद भागाच्या टोकापर्यंत मोजतो, कोणी फिकट भागाच्या. पट्ट्याचा मध्य धरायचा, हे आधी ठरवून घ्यावे.

ध्वजस्तंभाची अडचण निराळी आहे आणि ती आधी माहीत नसेल तर सगळा कार्यक्रम फसतो. पाच सेंटिमीटर जाडीच्या खांबाची गडद सावली साधारण साडेपाच मीटर अंतरापर्यंतच टिकते. त्यापुढे ती फिकी होत जाते आणि उंच खांबाचे टोक जमिनीवर सापडतच नाही. यावर सोपा उपाय आहे. एरवी खांब मोकळा असतो, त्याच्या दोरीला फूटभर चौरस पुठ्ठा बांधून वर चढवावा. पुठ्ठ्याचा ठसठशीत डाग जमिनीवर उमटतो, त्याचा मध्य धरावा. याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. पुठ्ठा वर पोहोचला की दोरीवर जमिनीलगत खूण करावी, पुठ्ठा खाली आणावा आणि त्याच्या मध्यापासून खुणेपर्यंतची दोरी मोजावी. खरी उंची हातात येते. पुस्तकातल्या उदाहरणाचे उत्तर शेवटच्या पानावर असते, या उदाहरणाचे उत्तर दोरीवर असते. खांब चौथऱ्यावर असेल तर सावलीची लांबी खांबाच्या मध्यापासून मोजावी आणि आलेली उंची सावली जिथे पडली त्या जमिनीपासूनची आहे हे ध्यानात ठेवावे. मैदानाला उतार असेल तर पन्नास फुटांना एक फूट इतक्या उतारानेही उत्तरात दोन टक्क्यांची चूक येते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मैदानात उतरण्यापूर्वी बजावून सांगावे.

वर्गात परतल्यावर दहा गटांची दहा उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि लगेच सरासरी काढू नये. आधी ती एका रेषेवर ठिपक्यांनी मांडावीत. एखादा गट हमखास दूर पडलेला दिसतो. बहुतेक वेळा टेपचा शून्य कुठे सुरू होतो हे त्या गटाने पाहिलेले नसते. काही टेपांत तो कडीच्या बाहेरच्या कडेपासून असतो, काहींत पट्टीवर थोडा आत. मग सरासरी आणि मध्यक दोन्ही काढून दोरीच्या मापाशी ताडून पाहावेत. एका दूरच्या उत्तराने सरासरी ओढली जाते आणि मध्यक जागचा हलत नाही, हे त्या दिवशी सांगावेच लागत नाही. समरूपता, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी ही तीन प्रकरणे एका जोड तासिकेत येतात. ‘पोर्शन कधी संपवायचा’ या प्रश्नाला आमचे हेच उत्तर आहे.

आठवड्याभराने तोच खांब कोनमापकाने मोजावा. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवावा, मध्यबिंदूतून नट बांधलेला दोरा सोडावा, स्ट्रॉमधून टोक पाहावे, शेजाऱ्याने दोऱ्याखालचा अंक वाचावा. वाचलेला अंक ९० मधून वजा केला की उन्नत कोन मिळतो (दोऱ्याखालचा अंक ९० पेक्षा मोठा दिसला तर त्यातून ९० वजा करायचे). दोरा कोनमापकाला घासून अडकतो, म्हणून वाचण्यापूर्वी कोनमापक किंचित बाहेर झुकवून दोरा मोकळा झुलू द्यावा आणि थांबला की बोटाने दाबून धरावा. डोळ्याची उंची शेवटी मिळवायला अर्धा वर्ग विसरतो. ज्याने पाहिले त्याच्याच डोळ्याची उंची घ्यायची, गटातल्या सर्वांत उंच मुलाची नाही. स्ट्रॉ सूर्याकडे कधीही रोखू नये.

उभे कुठे राहायचे, हा या कृतीतला सर्वांत मोलाचा प्रश्न. खांबापासून १५ मीटरवर कोन ४५ अंश असेल आणि वाचण्यात एका अंशाची चूक झाली तर उंचीत सुमारे अर्ध्या मीटरची चूक होते. त्याच अंतरावरून ६० अंशांत दिसणाऱ्या उंच वस्तूला तीच एका अंशाची चूक एक मीटरहून अधिक महागात पडते. म्हणून शक्यतो कोन ४५ अंशांच्या आसपास येईल एवढे मागे सरकावे. पायथ्याशी जाता येत नाही अशा पाण्याच्या टाकीसाठी दोन जागांवरून कोन घ्यावे लागतात. दोन्ही जागा टाकीच्या एकाच रेषेत, मध्ये २२ मीटर अंतर, कोन ४५ आणि ३० अंश, तर डोळ्याच्या पातळीपासूनची उंची ३० मीटर. परीक्षेतले हे लाडके उदाहरण. पण ३० च्या जागी चुकून २९ वाचले तर उत्तर सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस मीटर येते आणि ३१ वाचले तर तेहतीस. मुलांना हा फरक स्वतः काढू द्यावा. मग विल्यम लॅम्बटनचे नाव सांगावे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, माणसांकरवी टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवला. एवढे जड यंत्र कशासाठी, हे एका अंशाची किंमत मोजलेल्या मुलाला चटकन कळते. हा माणूस १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच सर्वेक्षणाशी नाते सांगणारा झिरो माइलचा खांब आपण रोज ओलांडतो. त्रिकोणमितीच्या पहिल्या तासिकेत या दोन जागांचा उल्लेख न होणे हे नागपूरच्या मुलांवर अन्यायाचे आहे असे आम्हाला वाटते.

रांगोळीला आमचा विरोध मुळीच नाही. गणित दिनाला ती काढायचीच असेल तर ठिपक्यांची काढावी आणि ठिपके मोजायला लावावेत. ‘१५ ते १’ची रांगोळी म्हणजे मधली ओळ १५ ची, वर-खाली दोन्हीकडे एकेक ठिपका कमी होत १ पर्यंत. अंकगणिती श्रेढीने बेरीज २२५ येते, म्हणजे १५ चा वर्ग. ‘१५ ते ८’ काढली तर १६९, म्हणजे १३ चा वर्ग. पहिली गोष्ट नेहमीच खरी ठरते, दुसरी हा त्या आकड्यांचा योगायोग आहे. ‘१३ ते ७’ काढली की १२७ येतात आणि तो कोणाचाच वर्ग नाही. कोणता नियम आणि कोणता योगायोग, हे ओळखायची सवय नववी-दहावीतच लागली पाहिजे.

महत्त्वमापनासाठी, म्हणजे पृष्ठफळ-घनफळाच्या प्रकरणासाठी, आपल्याकडे संत्रे आहे. गोलाचे पृष्ठफळ त्याच त्रिज्येच्या चार वर्तुळांइतके असते, हे दाखवायला संत्र्याच्या मापाची चार वर्तुळे कागदावर काढून सालीचे तुकडे त्यांत बसवायचे, ही कृती अनेकांना ठाऊक आहे. ती नागपुरी संत्र्यावर केली की चार वर्तुळे भरत नाहीत आणि शिक्षक ओशाळून ‘साधारण चार’ म्हणतात. ओशाळायचे कारण नाही. आपले संत्रे देठाकडून दबलेले असते, तो गोल नव्हेच. दोन पुस्तकांच्या मध्ये धरून मोजले तर आडवा व्यास समजा ७ सेंटिमीटर आणि उभा ६ भरतो. आडव्या व्यासाची वर्तुळे काढली तर अशा संत्र्याच्या सालीत ३.६ वर्तुळेच भरतात. ७, ७ आणि ६ यांची सरासरी ६.६७ घेऊन वर्तुळे काढली की चारही भरतात. दोन्ही प्रकारे करून पाहावे. तुकडे अंगठ्याच्या नखाएवढे करावेत, कारण मोठा तुकडा सपाट होताना कडेला फाटतो आणि फटींमुळे वर्तुळे जास्त भरल्याचा भास होतो. देठाशी मानेसारखा उंचवटा असलेले फळ टाळावे. वर्तुळे पेन्सिलीने काढावीत, रसाने शाई पसरते. आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात तेव्हाच हे घ्यावे, सहा मुलांना एक संत्रे पुरते.

संभाव्यतेला नाणी आणि फासे सगळेच वापरतात. आमचे म्हणणे, चिंचोके वापरा. दगडावर घासून अर्धे केलेले चार चिंचोके, एक बाजू पांढरी, एक काळपट. अष्टाचंग खेळणाऱ्या घरांत हे अजून सापडतात. जितके पांढरे वर तितके दान. चारही पांढरे म्हणजे चंग, एकही पांढरा नाही तर अष्टा. दाने पाच आहेत, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता एक पंचमांश, असे बहुतेक मुले ठामपणे सांगतात. ते फळ्यावर तसेच लिहून ठेवावे. दहा गटांनी प्रत्येकी १६ वेळा टाकून १६० दाने जमवावीत. एक पंचमांश खरे असते तर प्रत्येक दान ३२ वेळा पडले असते. तसे होत नाही, आणि मग सोळा निष्पत्तींचा नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायची गरज मुलांनाच वाटू लागते. दोन्ही बाजू समसंभाव्य असत्या तर एक, दोन, तीन, चंग, अष्टा यांची अपेक्षा अनुक्रमे ४०, ६०, ४०, १०, १०. चिंचोक्यांनी हेही जुळेलच असे नाही, कारण अर्धा चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. समजा पांढरी बाजू दहात सहा वेळा पडते, तर हेच आकडे २५, ५५, ५५, २१ आणि ४ होतात. एकच चिंचोका शंभर वेळा टाकून त्याचा कल आधी काढावा. पुस्तकातला ‘समसंभाव्य’ हा शब्द तिथे का आहे, हे नाण्याने कधीच कळत नाही. नाणी फक्त तुलनेसाठी, त्याच १६० फेऱ्यांना वापरावीत.

वर्गसमीकरणाचे अवयव पाडण्यासाठी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तुकडे उत्तम. २ सेंटिमीटरचे १२ छोटे चौरस, २ बाय ७.३ च्या ७ पट्ट्या, ७.३ चा एक मोठा चौरस, हा एका गटाचा संच. ७.३ हा विचित्र आकडा मुद्दाम आहे. पट्टी ६ किंवा ८ सेंटिमीटरची केली की मुले तिच्यावर छोटे चौरस रचून ‘क्ष म्हणजे ३’ किंवा ‘क्ष म्हणजे ४’ असे धरून बसतात आणि चलाची कल्पनाच मोडते. सगळे तुकडे जोडून एक भरीव आयत करायला सांगावे. बाजू क्ष अधिक ३ आणि क्ष अधिक ४ दिसतात. मग एक छोटा चौरस काढून घ्यावा. अकरा छोट्या चौरसांनी आयत होतच नाही, आणि सूत्राची गरज कुठून सुरू होते ते कळते. पूर्ण वर्ग पद्धतीसाठी मोठ्या चौरसाच्या दोन बाजूंना तीन-तीन पट्ट्या लावल्या की कोपऱ्यात नऊची खाच उघडी दिसते. ऋण पदांसाठी मात्र रंगीत तुकडे आणून खेळ ताणू नये. तिथे तो गोंधळ वाढवतो, सरळ वहीकडे वळावे.

अर्थनियोजनासाठी घरातली खरी बिले आणायला सांगावीत, वरचा मोबाइल क्रमांक कापून. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवर जीएसटीचे ५ आणि १८ टक्के हेच दर राहिले आहेत, त्यामुळे १२ आणि २८ टक्क्यांची जुनी उदाहरणे बिलांशी जुळणार नाहीत, हे आधी सांगून ठेवावे. ११८ रुपयांच्या छापील किमतीतून कर काढताना ११८ चे १८ टक्के काढणे ही ठरलेली चूक. उत्तर २१ रुपये २४ पैसे येते, खरा कर १८ रुपये.

मुख्याध्यापकांना आमची विनंती एवढीच, की २२ डिसेंबरला आठवी ते दहावीसाठी साडेअकरा ते पाऊण अशी जोड तासिका लावून द्यावी, आणि या नोंदवह्या अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत धराव्यात. आज त्या गुणांसाठी दुकानातून आणलेले प्रकल्प जमा होतात आणि ते कपाटावर धूळ खातात. पालकांनीही शाळेत हे विचारावे. २२ तारखेला ढग आले किंवा रविवार आला तर घाबरायला नको. १५ ते २९ डिसेंबर या पंधरवड्यात कोणत्याही दिवशी सावली आणि उंची यांत दोन-सव्वादोन टक्क्यांहून जास्त फरक नसतो.

आपले,
गणिताचे काही शिक्षक, नागपूर